वारशाचा लिलाव, भंगाराच्या भावात

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, सेनासाहेब सुभा पहिले रघुजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील सोथबीज या लिलावगृहात विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळवली. वाहतूक, विमा आदी खर्चांसह या व्यवहाराची रक्कम ४७ लाख १५ हजार रुपयांची होती. १८ ऑगस्ट २०२५ रोजी तलवार मुंबईत पोहोचली, तेव्हा तिचे समारंभपूर्वक स्वागत झाले. त्याच वर्षाच्या जानेवारी महिन्यात राज्य शासनाने आपल्या सर्व कार्यालयांना १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला होता. त्यातील एक कलम स्वच्छतेचे होते. कार्यालयात वर्षानुवर्षे पडून असलेले निरुपयोगी साहित्य, जुनी वाहने आणि अनावश्यक कागदपत्रे यांची नियमानुसार विल्हेवाट लावावी, असा त्याचा आशय होता.

हे दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्यच म्हणावे लागतील. ऐतिहासिक वस्तू परत आणणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि अडगळीने भरलेली कार्यालये मोकळी करणे हेही कर्तव्यच आहे. मात्र या दोहोंच्या मध्ये एक जागा रिकामी राहिली आहे. देशाबाहेर गेलेला वारसा पैसे मोजून आणणारे शासन आणि आपल्या कपाटामागचा जुना माल सरसकट विकून टाकणारे शासन एकच आहे. दुसऱ्या व्यवहारात नेमके काय विकले जात आहे, हे जाणकाराच्या नजरेने पाहण्याला नेहमीच्या प्रक्रियेत स्थान नाही. जुनी घड्याळे, सागवानी मेजे, शिसवी खुर्च्या, वेताच्या बैठकी अशा वस्तूंबाबत ही उणीव सर्वाधिक जाणवते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहराला तर तिचा विशेष विचार करणे भाग आहे.

संस्थानी शहराचा संसार

छत्रपती संभाजीनगर, अर्थात पूर्वीचे औरंगाबाद, हे पहिल्या निजामाच्या काळात दख्खनच्या कारभाराचे केंद्र होते. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली, तरी शहराचे महत्त्व सरले नाही. हैदराबाद संस्थानाच्या पुढील काळातील प्रशासकीय रचनेत चार सुभ्यांपैकी एका सुभ्याचे मुख्यालय येथे होते. सुभेदारी, न्यायालये, शाळा, दवाखाने, पोलीस आणि छावणी असा सारा सरंजाम येथे उभा राहिला. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग शहरात आला. रेल्वेबरोबर वेळेची शिस्तही आली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. शहागंजचा घड्याळ मनोराही विसाव्या शतकाच्या त्याच पहिल्या दशकातला आहे. सार्वजनिक घड्याळ ही त्या काळी केवळ शोभेची वस्तू नव्हती. बाजार, कचेरी आणि आगगाडी यांना एका वेळेत बांधणारी ती सरकारी सोय होती.

प्रत्येक कचेरीत भिंतीवर एक लंबकाचे घड्याळ असे. ते बहुधा अमेरिकेतील अन्सोनिया किंवा सेथ थॉमस, जर्मनीतील युंगहान्स अशा कारखान्यांतून आलेले असे. पुढे जपानच्या सेकोशा कारखान्याचा मालही हिंदुस्थानच्या बाजारात आला. फर्निचर मात्र येथल्या सुतारांनी घडवलेले असे. इंग्रजी नमुन्याची बैठक, पण लाकूड सागाचे किंवा शिसवाचे, विणकाम वेताचे आणि कोरीव काम कारागिराच्या स्वतःच्या परंपरेतले, असा तो मिलाफ होता. कप्पेदार मेज, दस्तऐवजांची उंच कपाटे, लांब हातांच्या आरामखुर्च्या, वकिलांची बाके हा या संसाराचा नेहमीचा ऐवज.

खासगी घरांतही अशा वस्तू होत्या. जहागीरदारांच्या हवेल्या, सावकारांचे वाडे आणि वकील-डॉक्टरांची घरे यांत संस्थानी रुचीचा ठसा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४९ मध्ये, हैदराबाद राज्यातील जहागिरी संपुष्टात आणणारा कायदा झाला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. त्याचा एक आनुषंगिक परिणाम मात्र फारसा नोंदला गेला नाही. उत्पन्न आटलेल्या हवेल्यांतून झुंबरे, आरसे, घड्याळे आणि पलंग हळूहळू बाहेर पडू लागले आणि हैदराबाद व मुंबईच्या जुन्या बाजारांची वाट धरू लागले.

एखादा संग्रह एकत्र राहिला तर काय घडते, याचे उदाहरण त्याच संस्थानात सापडते. तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान यांचे १९४९ मध्ये निधन झाले. ते अविवाहित होते. ज्या अजिंठा गावाच्या परिसरात जगप्रसिद्ध लेणी आहेत, ते गाव याच सालारजंग घराण्याच्या जहागिरीत होते. त्यांचा संग्रह डिसेंबर १९५१ मध्ये हैदराबादेत संग्रहालयाच्या रूपाने लोकांसाठी खुला झाला. १९६१ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. या संग्रहालयात शिल्पे, चित्रे आणि हस्तलिखिते आहेत. पण दर तासाला सर्वाधिक गर्दी होते ती कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीच्या घड्याळासमोर. त्यातील छोटी बाहुली बाहेर येऊन टोले देते आणि ते पाहण्यासाठी लोक आधीपासून जागा धरून बसतात. घड्याळासारखी वापरातली वस्तू इतिहासाकडे सामान्य माणसाला किती सहज ओढून आणते, हे तेथे दिसते.

जडसंग्रह ते भंगार

सरकारी कार्यालयातील टिकाऊ वस्तूंची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. वस्तू निरुपयोगी ठरली की तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. समिती पाहणी करते, सक्षम अधिकारी मंजुरी देतो आणि मग निविदा अथवा लिलाव होतो. या पद्धतीचा हेतू प्रामाणिक आहे. सरकारी मालमत्ता कोणी परस्पर नेऊ नये आणि तिचे वाजवी पैसे तिजोरीत यावेत, हा तो हेतू. अडचण आहे ती किंमत ठरवण्याच्या रीतीत.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ही रीत स्पष्ट दिलेली आहे. विल्हेवाट लावायच्या वस्तूचे पुस्तकी मूल्य, मार्गदर्शक किंमत आणि राखीव किंमत काढावी; पुस्तकी मूल्य काढता येत नसेल तर मूळ खरेदी किमतीचा आधार घ्यावा, असे नियम सांगतो. दोन लाख रुपयांहून अधिक अवशिष्ट किंमत असेल, तर जाहिरात देऊन निविदा मागवाव्यात किंवा जाहीर लिलाव करावा; त्याखालील वस्तूंची विक्रीपद्धत सक्षम अधिकारी ठरवतो. संगणक, वातानुकूलन यंत्र किंवा पोलादी कपाट यांच्यासाठी हा नियम चोख आहे. या वस्तूंची किंमत वर्षागणिक घटते आणि शेवटी धातूच्या भावापाशी येऊन थांबते.

जुन्या वस्तूची किंमत मात्र उलट्या दिशेने जाते. काही दशके ती घटते, तळाला पोहोचते आणि वस्तू दुर्मिळ झाली की पुन्हा चढू लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळाची मूळ खरेदी किंमत काही रुपयांची असणार. मराठवाड्यात तर ती हैदराबाद संस्थानाच्या हाली शिक्क्यातही असू शकते. ती किंमत आधार धरली, तर राखीव किंमत शून्याजवळ येते. नियम पाळला जातो, लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही आणि तरीही शासनाचे नुकसान होते.

दुसरी अडचण गठ्ठ्याने होणाऱ्या विक्रीची आहे. समजा, एखाद्या कार्यालयातील चाळीस मोडक्या लोखंडी खुर्च्या, सहा पोलादी रॅक, तीन सागवानी मेजे आणि एक बंद पडलेले घड्याळ असा एकच गट लिलावाला निघाला. त्यावर बोली लावणारा व्यापारी भंगाराचा असतो. सारा माल उचलण्यासाठी त्याच्याकडे वाहन आणि मजूर असतात. एकाच घड्याळात रस असलेला संग्राहक या बोलीत उतरूच शकत नाही. परिणामी किंमत ठरते ती लोखंडाच्या वजनावर. पुढचा प्रवास ठरलेला आहे. जाफर गेटच्या आठवडी बाजारासारख्या ठिकाणी किंवा एखाद्या भंगाराच्या वखारीत जाणकार विक्रेत्याची नजर त्या मेजावर पडते. तेथून ते मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर, तेथून पॉलिश होऊन एखाद्या दिवाणखान्यात किंवा लिलावगृहाच्या छापील सूचीत पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. शासनाच्या वाट्याला आलेला असतो तो पहिल्या टप्प्याचा भाव.

कार्यालये स्वच्छ करण्याच्या मोहिमांनी ही गती वाढवली आहे. केंद्र सरकारने २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये विशेष मोहीम राबवायला सुरुवात केली. पहिल्या चार वर्षांत भंगार विक्रीतून दोन हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळाल्याचे सरकारने जाहीर केले आहे. या रकमेतील बहुतांश वाटा खऱ्याखुऱ्या भंगाराचा असणार, यात शंका नाही. परंतु मोकळी झालेली जागा आणि मिळालेला महसूल हीच यशाची मोजमापे असली, की जुन्या वस्तूपाशी क्षणभर थांबून पाहण्याचे कारण कोणत्याही अधिकाऱ्याकडे उरत नाही.

चंडीगडचा धडा

या निष्काळजीपणाची किंमत देशाने एकदा मोजलेली आहे. चंडीगड शहर उभारताना १९५० च्या दशकात ल कार्बुझिए आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनेरे यांच्या मार्गदर्शनाखाली सरकारी कार्यालये, महाविद्यालये आणि न्यायालये यांसाठी साग आणि वेत वापरून खास फर्निचर तयार करण्यात आले. अर्धशतक वापर झाल्यावर ते जुने दिसू लागले. कार्यालयांनी नियमाप्रमाणे ते निरुपयोगी ठरवले आणि भंगार म्हणून लिलावात काढले. परदेशी व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात घेतले, दुरुस्त केले आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत लाखो रुपयांना विकले. कचेरीच्या गच्चीवर पावसात पडलेली खुर्ची पॅरिस आणि न्यू यॉर्कमध्ये कलावस्तू ठरली.

जाग आल्यावर फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर आणि निर्यातीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. चंडीगडमधील बारा हजारांहून अधिक वस्तूंची वारसा म्हणून नोंदही झाली. तरीही त्यानंतरची अनेक वर्षे परदेशी लिलाव चालूच राहिले. कारण जो माल आधी कायदेशीर लिलावात विकला गेला, त्यावर पुन्हा हक्क सांगणे जवळजवळ अशक्य असते. चोरीला गेलेली मूर्ती परत मागता येते. स्वतः पावती फाडून विकलेली खुर्ची मागता येत नाही. हाच चंडीगडचा खरा धडा आहे.

छत्रपती संभाजीनगरातील संस्थानी फर्निचरला जगप्रसिद्ध वास्तुविशारदाचे नाव चिकटलेले नाही. म्हणून त्याला तेवढी किंमत येणार नाही, हे खरे. पण त्यामुळेच ते वाचवणे अधिक सोपे आहे. बाजाराचे पूर्ण लक्ष जाण्यापूर्वी नोंद करण्याची संधी अद्याप हातात आहे.

कायदा कोठे थांबतो

पुराणवस्तूंच्या संरक्षणासाठी १९७२ चा पुराणवस्तू व कलानिधी कायदा आहे. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक, कलाविषयक वा तत्सम महत्त्व असलेली वस्तू ही या कायद्याच्या भाषेत पुराणवस्तू ठरते. हस्तलिखिते, अभिलेख आणि दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंची खासगी व्यक्तीने निर्यात करण्यास मनाई असून, त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. देशांतर्गत व्यापारासाठी परवाना लागतो.

नोंदणीची सक्ती मात्र सर्व पुराणवस्तूंना नाही. शिल्पे, चित्रे, हस्तलिखिते अशा अधिसूचित वर्गांनाच ती लागू आहे. घड्याळ किंवा मेज या वर्गांत सहजपणे बसत नाही. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचे भिंतीवरचे घड्याळ देशाबाहेर नेणे गुन्हा ठरू शकतो. पण ते कोणाकडे आहे, कोणी विकले आणि कोणी मोडून पितळ काढले, याचा कोठेही मागमूस राहत नाही. त्यातच मराठवाड्यातील संस्थानी काळाच्या उत्तरार्धातील, म्हणजे १९३० आणि १९४० च्या दशकांतील वस्तू शंभर वर्षांची अट अजून पूर्ण करत नाहीत. ज्या दिवशी ती पूर्ण होईल, त्या दिवशी वस्तू शिल्लक असेल का, हा प्रश्न आहे.

कायदा वय मोजतो, संदर्भ मोजत नाही, ही त्याची आणखी एक मर्यादा. मार्च २००९ मध्ये न्यू यॉर्कच्या अँटिकोरम या घड्याळांच्या लिलावगृहात महात्मा गांधींचे झेनिथ कंपनीचे खिशातील घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताट यांचा एकत्रित लिलाव झाला. लिलावगृहाचा अंदाज वीस ते तीस हजार डॉलरचा होता. प्रत्यक्षात बोली सुमारे १८ लाख डॉलरवर थांबली. त्या घड्याळाच्या यंत्राला ती किंमत आलेली नव्हती. ते कोणाच्या कमरेला लटकत असे, याला ती आलेली होती.

नोंदीची किंमत

लिलावाच्या बाजारात यालाच वस्तूचा पूर्वेतिहास म्हणतात. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याची अखंड साखळी जितकी स्पष्ट, तितका भाव चांगला. साखळी तुटलेली असेल तर खरी वस्तूही संशयास्पद ठरते. जुन्या घड्याळांच्या बाजारात हा संशय साधार आहे. एका घड्याळाची लाकडी पेटी, दुसऱ्याचे यंत्र आणि नव्याने रंगवलेली तबकडी असे जोडकाम करून ते जुने म्हणून विकण्याची युक्ती सर्वत्र चालते. फर्निचरमध्ये जुन्या दारांच्या फळ्यांतून नवे कपाट घडवले जाते. कप्प्याच्या आतील बाजूवरील करवतीच्या खुणा, एकात एक गुंतवलेले सांधे, लाकडाला वापराने आलेली झिलई यांवरून जाणकार परीक्षा करतात. पण सर्वांत खात्रीचा पुरावा असतो तो लेखी नोंदीचा.

सरकारी कार्यालयातील वस्तूपाशी नेमका हाच पुरावा असतो. मेजाच्या पायावर रंगवलेला जडसंग्रह क्रमांक, विभागाचे नाव आणि नोंदवहीतील ओळ एवढ्यावर ती वस्तू कोणत्या कचेरीत, कोणत्या काळात होती हे सिद्ध होते. निर्लेखनात वस्तू एका वाटेने जाते आणि नोंदवही दुसऱ्या वाटेने रद्दीत जाते. पॉलिश करताना क्रमांकही घासून काढला जातो. मग उरते ते केवळ जुने लाकूड. वस्तू आणि नोंद यांची ताटातूट झाली, की इतिहासाचे जेवढे नुकसान होते तेवढेच बाजारभावाचेही होते.

जुनी नोंद पुढे किती मोलाची ठरू शकते, याचा प्रत्यय मराठवाड्याने अलीकडेच घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्या, शाळा आणि भूमी अभिलेख कार्यालये यांतील निजामकालीन कागद बाहेर काढावे लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची गरज भासली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदींचा विषय पुन्हा ऐरणीवर आला. आरक्षणाच्या प्रश्नावर मतभेद असू शकतात. परंतु दशकानुदशके ज्यांना कोणी हात लावला नाही, असे कागद एका रात्रीत लाखो कुटुंबांच्या भवितव्याशी जोडले गेले, ही वस्तुस्थिती आहे. हे कागद जुन्या लाकडी कपाटांत आणि पेट्यांत टिकले होते. कपाट अडगळ ठरले असते, तर त्यातल्या बस्त्यांचे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आक्षेप आणि मार्ग

प्रत्येक जुनी खुर्ची म्हणजे वारसा नव्हे, हा प्रशासनाचा आक्षेप रास्त आहे. वाळवी लागलेले लाकूड सांभाळण्यात अर्थ नसतो. नागरिकांना बसायला जागा नसलेल्या कार्यालयाने संग्रहालय चालवावे, ही अपेक्षाही अवाजवी आहे. १९२३ पासून गोदरेजने पोलादी कपाटे बनवायला घेतली आणि कचेऱ्यांनी ती स्वीकारली. कारण ती वाळवी आणि आग यांच्यापुढे अधिक टिकाव धरतात. १९८० च्या दशकानंतर मोरबीच्या कारखान्यांतील क्वार्ट्झ घड्याळांनी किल्लीच्या घड्याळांची जागा घेतली. कारण ती स्वस्त होती आणि त्यांना रोज किल्ली द्यावी लागत नसे. त्यांतले सर्वांत घरोघर पोहोचलेले नाव ‘अजंता’ होते, हा योगायोग याच जिल्ह्याच्या वाट्याला यावा, हेही गमतीचे. उपयुक्ततेचा हा न्याय नाकारण्याचे कारण नाही.

म्हणूनच मागणी सारे काही जपण्याची नसावी. विकण्यापूर्वी पाहण्याची असावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. निर्लेखनाच्या प्रस्तावात एक रकाना वाढवला तरी पुष्कळ साधेल. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या तारखेपूर्वीची किंवा जिची खरेदी तारीख सापडत नाही अशी लाकडी वा यांत्रिक वस्तू वेगळी काढावी, तिचे छायाचित्र आणि नोंदवहीतील उतारा जोडावा आणि ती यादी ठरावीक मुदतीसाठी पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवावी. आज प्रत्येक लिपिकाच्या हाती छायाचित्र काढण्याचे साधन आहे. मुदतीत उत्तर आले नाही, तर कार्यालयाने पुढची कार्यवाही करावी. यामुळे स्वच्छतेच्या मोहिमेला खीळ बसणार नाही.

या चाळणीतून वस्तूंचे तीन वर्ग होतील. मोजक्या वस्तू संग्रहालयात जातील. शहरात सोनेरी महालात शासनाचे संग्रहालय आहे, महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालय आहे आणि पैठणला बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. काही वस्तू दुरुस्त होऊन त्याच कार्यालयाच्या दर्शनी भागात वापरात राहतील. चालू घड्याळ जपण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे ते चालू ठेवणे. शहागंजच्या मनोऱ्याचा स्मार्ट सिटी योजनेतून झालेला जीर्णोद्धार हेच सांगतो. उरलेल्या वस्तू विकाव्यात. पण भंगारापासून वेगळा गट करून, तज्ज्ञाने सुचवलेल्या राखीव किमतीने आणि जडसंग्रहातील नोंदीच्या प्रमाणित प्रतीसह विकाव्यात. खरेदीदाराला पूर्वेतिहास मिळेल, शासनाला योग्य दाम मिळेल आणि वस्तू कोणाकडे गेली याची नोंद राहील. लिलाव हा वारशाचा शत्रू नव्हे. माहिती न घेता केलेला लिलाव हा शत्रू आहे.

रेल्वेने ही दृष्टी काही प्रमाणात दाखवलेली आहे. वाफेची इंजिने इतिहासजमा होत असतानाच १९७७ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उभे राहिले. नंतरच्या काळात अनेक विभागांनी जुनी घड्याळे, दिवे, तिकीट यंत्रे स्थानकांवर मांडली. जे एका खात्याला जमते ते महसूल, शिक्षण आणि न्याय खात्यांना अशक्य नाही.

घरांची जबाबदारी

हा प्रश्न केवळ सरकारी कचेऱ्यांचा नाही. जुन्या शहरातील वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करण्याच्या घाईत पलंग, फडताळ आणि बंद घड्याळ एकगठ्ठा दिले जाते. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अशाच घरांतून आणि जुन्या बाजारांतून दिवे, अडकित्ते, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर वेचल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाला दिला. आपल्या अल्पवयात गेलेल्या मुलाच्या नावाने उभे राहिलेले ते राजा केळकर संग्रहालय आज वीस हजारांहून अधिक वस्तूंचे आहे. त्यांतली बहुसंख्य वस्तुसंपदा तिच्या मूळ मालकांनी निरुपयोगी ठरवलेली होती.

प्रत्येक शहराला केळकर मिळतीलच असे नाही. पण घरातील जुनी वस्तू विकण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढणे, ती कोणी, कोठून, केव्हा आणली हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे आणि एकाच विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता दोन-तीन ठिकाणी चौकशी करणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे. घड्याळ घासूनपुसून चकचकीत करू नये आणि लाकडावर नवे रंगकाम चढवू नये, असे जाणकार सांगतात. कारण मूळ पृष्ठभाग गेला की वस्तूचे मोलही उतरते.

रघुजी भोसले यांच्या तलवारीसाठी शासनाने लंडनमध्ये बोली लावली, याचे समाधान सर्वांना आहे. या राज्याने अशी वेळ पुन्हा किती वेळा आणावी, याचा निर्णय मात्र लंडनच्या लिलावगृहात होणार नाही. तो येथल्या कचेरीत, निर्लेखनाच्या यादीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर होणार आहे. त्या यादीला जोडलेले एक छायाचित्र आणि नोंदवहीतला एक उतारा एवढाच या कामाचा आरंभीचा खर्च आहे.